मोटारीच्या गिअर-दांडीतील सुधारणा : प्रीमियर पद्मिनी व प्रतिकृती स्पोर्ट्स कार यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
मोटारीची गिअर-दांडी ही मूलतः एक तरफ होय. तिची लांबी, टेकूचे स्थान व सांध्यांची संख्या यांवर गिअर बदलण्याची सुलभता अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाशी निगडित असलेल्या प्रीमियर मोटारींच्या आधारे या यंत्रणेतील बदलांचे स्पष्टीकरण केले आहे. त्याचबरोबर जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतींमध्ये केली जाणारी सुधारणा, तिच्या मर्यादा व कायद्याची चौकट यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : गिअर-दांडी, तरफ, सिंक्रोनायझर, प्रीमियर पद्मिनी, प्रतिकृती स्पोर्ट्स कार

१) प्रस्तावना :
कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीजवळून जाताना 'प्रीमियर कॉलनी' हे नाव आजही ऐकू येते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची ती खूण होय. कंपनीचा मुख्य कारखाना कुर्ला येथे होता व दुसरा डोंबिवलीच्या परिसरात. डोंबिवलीच्या कारखान्यात १९९० च्या दशकाच्या मध्यास फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने '३०९' ही मोटार तयार होत असे. १९९७ मध्ये प्यूजोने हे सहकार्य सोडले आणि कालांतराने कारखान्याचे पर्वही संपले. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदविली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच ऑक्टोबर २०२३ अखेर तीही सेवेतून बाद झाली.

मोटारी गेल्या, पण त्या हाताळणाऱ्या कारागिरांचे ज्ञान अद्याप पूर्णतः लोपलेले नाही. हे ज्ञान बहुतांशी अलिखित आहे. महाविद्यालयीन अध्यापनात त्याची नोंद घेणे शक्य आहे काय, हा या लेखामागील प्रश्न आहे. त्यासाठी गिअर-दांडी हा एकच भाग निवडला आहे.

२) गिअर-दांडीचे कार्य :
गिअरबॉक्समध्ये वेगवेगळ्या आकाराच्या दंतचक्रांच्या जोड्या असतात. कोणती जोडी कामाला लावायची हे आतील सरकत्या दांड्या व त्यांवर बसविलेले फोर्क ठरवितात. चालकाच्या हातातील दांडीला त्यामुळे दोन कामे करावी लागतात. पहिले काम म्हणजे आतील योग्य दांडीची निवड आणि दुसरे म्हणजे तिला पुढे किंवा मागे सरकविणे. दांडीच्या हालचालीचा परिचित 'एच' आकार या दोन कामांतूनच निर्माण होतो.

३) स्टिअरिंगवरील दांडी व तिची कारणमीमांसा :
फियाट ११०० या मोटारीवर आधारलेल्या प्रीमियर पद्मिनीत दीर्घकाळ गिअर-दांडी स्टिअरिंगच्या नळीला जोडलेली असे. या मांडणीस सबळ कारण होते. पुढील बाजूस सलग बाकासारखे आसन असल्याने चालकाशेजारी अधिक माणसे बसू शकत व पायांखालील जागा मोकळी राही. कुटुंबाची मोटार आणि टॅक्सी या दोन्ही दृष्टींनी ही सोय महत्त्वाची होती.

तथापि या सोयीची किंमत यंत्रणेला मोजावी लागे. दांडीची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेण्यासाठी अनेक जोडदांड्या व सांधे आवश्यक ठरत. प्रत्येक सांध्यातील बुश झिजला की थोडा ढिलेपणा निर्माण होतो व हा ढिलेपणा बेरजेने वाढतो. जोडतरफा समान लांबीच्या मानल्या व चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर ढिलेपणा धरला, तर शेवटी तो दोन मिलिमीटर होतो. दांडीचे गुणोत्तर सहा असेल तर चालकाच्या हाताला तोच बारा मिलिमीटर जाणवतो. 'गिअर सापडत नाही' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा गिअरबॉक्समध्ये नसून या सांध्यांत असते.

याउलट जमिनीवरील दांडी, गिअरबॉक्स योग्य जागी असल्यास, थेट त्याच्या पाठीवर बसविता येते. मधले सांधे कमी होतात व हालचाल नेमकी होते. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनई या मोटारीत निस्सानचे इंजिन व जमिनीवरील दांडी होती. पद्मिनीच्याही अखेरच्या आवृत्तीत स्वतंत्र आसने व जमिनीवरील दांडी देण्यात आली. उत्पादकाने स्वतःच स्वीकारलेली ही सुधारणा होय.

४) तरफेचे गणित :
टेकूपासून मुठीपर्यंतचे अंतर भागिले टेकूपासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर, हे दांडीचे गुणोत्तर होय. उदाहरणादाखल वरचे अंतर ३०० मिलिमीटर व खालचे ५० मिलिमीटर मानू. गुणोत्तर सहा येते. आतील दांडी १० मिलिमीटर सरकविण्यास हात ६० मिलिमीटर हलवावा लागतो. त्या दांडीस १८० न्यूटन बल लागत असेल, तर घर्षण वगळता हाताला ३० न्यूटन बल पुरते.

आता टेकू १० मिलिमीटर वर घेतला आणि दांडी आखूड करून वरचे अंतर २४० मिलिमीटर ठेवले. खालचे अंतर ६० मिलिमीटर झाल्याने गुणोत्तर चार होते. हाताची हालचाल ४० मिलिमीटरवर येते, परंतु बल ४५ न्यूटन लागते. मूठही पूर्वीपेक्षा ५० मिलिमीटर खाली येते. दोन्ही प्रसंगी कार्य १.८ ज्यूल इतकेच आहे. सारांश, हालचालीत जे वाचते ते बलात द्यावे लागते. 'शॉर्ट शिफ्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या भागांचे संपूर्ण रहस्य या साध्या नियमात सामावलेले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आखूड दांडीमुळे गिअरबॉक्स अधिक वेगाने काम करू लागत नाही. सिंक्रोनायझरची पितळी कडी घर्षणाच्या साहाय्याने फिरत्या भागांचे वेग समान करते व त्यास काही क्षण लागतातच. ती उसंत न देता दांडी रेटल्यास कडी व फोर्क यांची झीज वाढते. अनुभवी चालक गिअरबरोबर 'झगडत' नाही, याचे शास्त्रीय कारण हेच आहे.

५) प्रतिकृती स्पोर्ट्स कारमधील विशेष समस्या :
ब्रिटनच्या एसी कंपनीचा सांगाडा व अमेरिकन फोर्ड इंजिन यांच्या संयोगातून १९६० च्या दशकात साकारलेली 'कोब्रा' ही मोटार प्रतिकृतिकारांची विशेष आवडती आहे. प्रतिकृतीत बाह्य आकार एका मोटारीचा व गिअरबॉक्स बहुधा दुसऱ्याच मोटारीचा असतो. परिणामी दांडी जिथे वर येते तिथे चालकाचा हात पोहोचत नाही, अथवा ती कोपराच्या मागे येते.

यावर तीन उपाय आढळतात. पहिला, वाकविलेली दांडी. हा स्वस्त उपाय असला तरी मुठीचे टेकूपासूनचे सरळ अंतर बदलले की गुणोत्तरही बदलते व मूठ पुढे-मागे जाण्याऐवजी वर-खाली होऊ लागते. दुसरा, जोडदांडीच्या साहाय्याने टेकू अन्यत्र नेणे. यात सांधे वाढतात, म्हणजेच स्टिअरिंगवरील दांडीचा जुना दोष निराळ्या मार्गाने परत येतो. तिसरा, दांडीचे स्थान बदलणारे गिअरबॉक्सचे वेगळे आवरण बसविणे. हा महागडा परंतु यांत्रिकदृष्ट्या निर्दोष उपाय होय.

कोणत्याही उपायापूर्वी जुने बुश, क्लचची जुळणी व गिअरबॉक्सचे रबरी आधार तपासणे हितावह ठरते. ढिल्या सांध्यांवर नवी दांडी बसविल्यास दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

६) कायद्याची चौकट :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. गिअर-दांडी हा नोंदणीपत्रातील रकाना नाही. परंतु प्रतिकृतीसाठी मोटारीचा सांगाडा व बाह्यांग बदलणे ही सर्वस्वी वेगळी बाब आहे. वाहन ठाण्याचे एमएच-०४ असो वा कल्याणचे एमएच-०५, असे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घेणे क्रमप्राप्त आहे.

७) निष्कर्ष :
१. गिअर-दांडीची सुधारणा ही हालचाल व बल यांतील देवाणघेवाण आहे, शक्तीची वाढ नव्हे.
२. सांधे जितके कमी, तितकी दांडी नेमकी. पद्मिनीतील बदलाने हे तत्त्व सिद्ध केले आहे.
३. दुरुस्तीचा क्रम प्रथम झीज दूर करणे व नंतर बदल करणे असा असावा.
४. तरफेचा पाठ आपण फळ्यावर काठी व दगड काढून शिकवितो. त्याऐवजी एखाद्या जुन्या मोटारीच्या दांडीची मापे विद्यार्थ्यांकडून घेतल्यास हा सिद्धान्त त्यांच्या हाताला कळेल. कुर्ला व डोंबिवली येथील कारखान्यांत काम केलेली पिढी आज वृद्धत्वाकडे झुकली आहे. पदार्थविज्ञान व इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून त्यांच्या मुलाखती व मापे नोंदविणे हे ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांना सहज साध्य आहे. विलंब झाल्यास मोटारींपाठोपाठ त्यांचे ज्ञानही सेवेतून बाद होईल.