फलाट, पॅसेंजर आणि फॉरेस्ट: नंदुरबारच्या बोलण्यातील इंग्रजी

नंदुरबारचा इंग्रजांशी पहिला संबंध राज्यकारभारातून नव्हे, तर व्यापारातून आला. १६६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिला 'फॅक्टरी' असे नाव होते. तिच्यात काही तयार होत नसे, तर 'फॅक्टर' म्हणवले जाणारे कंपनीचे अडत्ये तेथे राहून मालाची खरेदी व साठवण करीत. पुढे यंत्रयुगात खुद्द इंग्लंडमध्येच हा शब्द कारखान्याला चिकटला आणि त्याचा जुना अर्थ मागे पडला. परमुलखात इंग्रजी शब्दांची मोडतोड होते, अशी तक्रार करणाऱ्यांना या उदाहरणाची आठवण सहसा राहत नाही. मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झाले आणि तेच नाव १८८६ मध्ये यूल व बर्नेल यांच्या प्रसिद्ध कोशाला मिळाले, तेव्हा मात्र मोडतोडीची ही रीत कौतुकाचा विषय ठरली होती.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात भिली आणि तिच्या मावची, पावरी इत्यादी बोली, अहिराणी, गुजरी, गुजराती व मराठी अशा अनेक भाषा शेजारी नांदतात; त्यामुळे येथे आलेल्या इंग्रजी शब्दाला एकाच नव्हे, तर अनेक व्याकरणांच्या हाताखालून जावे लागले. सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाला आणि त्याच्याबरोबर शब्दांची मोठी आवक झाली. शब्दारंभीचे 'स्ट' हे जोडाक्षर बोलीला जड जाते म्हणून 'स्टेशन'चे 'टेसन' झाले, प्लॅटफॉर्मचा 'फलाट' तर इतका मुरला की प्रमाण मराठीनेही तो स्वीकारला, आणि अहिराणीने स्थळ दाखवणारा आपला 'मा' हा प्रत्यय लावून 'टेसनमा' असे रूप सहज घडवले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली धाव घेतलेली एस.टी. महाराष्ट्राच्या खेडोपाडी 'यष्टी' झाली, त्यामागेही 'एक'चा 'येक' करणारी उच्चाराची तीच नियमबद्ध सवय आहे. या ओघात तिला काठी या अर्थाच्या संस्कृत शब्दाचे रूप मिळाले, हा निव्वळ योगायोग.

उच्चारापेक्षा अर्थाचे स्थलांतर अधिक लक्षवेधी आहे. इंग्रजीत 'पॅसेंजर' हा प्रवासी, तर येथे 'पॅसेंजर' ही प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी. 'पॅसेंजर आला' म्हटले तर माणूस आणि 'पॅसेंजर आली' म्हटले तर भुसावळकडची गाडी, हा भेद मराठीच्या लिंगव्यवस्थेने केवळ क्रियापदाच्या जोरावर राखला आहे. 'बोगी' म्हणजे मुळात डब्याखालची चाकांची चौकट, पण भारतभर अख्खा डबाच बोगी झाला. जिल्हा रुग्णालय हे 'सिव्हिल' आणि स्वस्त धान्याचे दुकान 'कंट्रोल' झाले, कारण जोडशब्दातील नाम गाळून ओळख पटवणारे विशेषण तेवढे ठेवण्याकडे बोलीचा कल असतो. त्यातही 'कंट्रोल' हा शब्द दुसऱ्या महायुद्धातील धान्यनियंत्रणाची खूण आजवर सांभाळून आहे. जर्मन माणूस मोबाइलला 'हँडी' म्हणतो आणि जपानमध्ये सदनिकांच्या इमारतीला 'मॅन्शन' म्हणतात, ही सर्व एकाच जातीची उदाहरणे होत.

तथापि अक्कलकुवा, धडगाव आणि तळोदा या सातपुड्याच्या पट्ट्यात 'फॉरेस्ट' या शब्दाचे जे झाले ते सोयीच्या पलीकडचे आहे. येथे 'जंगल' आणि 'फॉरेस्ट' हे समानार्थी शब्द नाहीत. मोहाची फुले, डिंक, सरपण मिळते ते जंगल. अडवते, पावती फाडते, खटला भरते ते फॉरेस्ट. 'फॉरेस्टने केस केली' या वाक्यात 'ने' हा कर्त्याचा प्रत्यय लागतो, तो 'जंगल' या शब्दाला अशा वाक्यात कोणी लावणार नाही. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित असे वनांचे वर्ग पाडून गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क सरकारी परवानगीच्या कक्षेत आणले, आणि ज्यांच्या वाट्याला झाडांआधी खाते आले त्यांनी खात्याचेच नाव उचलले, यात अर्थाची चूक कोठेही नाही. उलट 'वन विभाग' या शासकीय संज्ञेपेक्षा ते अधिक नेमके आहे.

या खात्यामागोमाग रेंजर, बीट आणि 'कूप' हे शब्द आले. यांतील 'कूप' म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला वनाचा तुकडा. हा शब्द तोडणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून इंग्रजी वनशास्त्रात व तेथून जंगल कामगार सहकारी संस्थांच्या व्यवहारात उतरला, आणि कूपमंडूकातील विहिरीशी त्याचे काही नाते नाही. 'प्लॉट' हा शब्दही असाच दुभंगला आहे: नंदुरबार शहरात तो घर बांधण्याची जागा दाखवतो, तर पाड्यांवर वनजमिनीतील कसलेले शेत. वर्षाच्या मुदतीने दिलेल्या अशा जमिनींना 'एकसाली प्लॉट' म्हणत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे दाखल करताना अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या जमीन आधीपासून कसत असल्याचा पुरावा म्हणून पुढे आल्या, म्हणजे फॉरेस्टने केलेली 'केस' कसणाऱ्याच्याच कामी आली.

शुद्धीचे प्रयत्न अर्थातच झाले. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून 'महापौर'सारखे शब्द रुजले, भाषाशुद्धीचा पुरस्कार माधव जूलियन यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' या पुस्तकात केला, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने हुद्द्यांसाठी पदनाम कोश सिद्ध केला. रेंजरचा 'वनपरिक्षेत्र अधिकारी' झाला खरा, परंतु हे लांबलचक नाव पाटीवरून जिभेवर फारसे उतरले नाही. 'जिल्हाधिकारी' या शब्दाला अधिक यश आले, तरी अर्जाच्या मायन्यात 'मा. जिल्हाधिकारी साहेब' असे लिहून घेणारा धडगावचा माणूस तो अर्ज द्यायला जातो तो 'कलेक्टर ऑफिसात'च.