डिक्कीचे शॉकर घरीच बदला : २० मिनिटांचं काम, आणि त्यात लपलेला छोटा धंदा



टिफिन, केक, साड्या, किराणा... आज कितीतरी छोटे उद्योजक स्वतःच्या गाडीच्या डिक्कीतून धंदा चालवतात. दिवसातून वीसदा डिक्की उघडायची, वीसदा बंद करायची. आणि एक दिवस वर केलेली डिक्की हळूच खाली यायला लागते. मग एक हात डिक्कीला, एक हात डब्याला. कोणी काठीचा टेकू लावतं, कोणी डोक्यानेच पेलून धरतं. हा जुगाड नाही, हा धोका आहे. टेकू सरकला की ते दार थेट मानेवर नाहीतर बोटांवर येतं.

आज आपण दोन गोष्टी बघू. हे काम घरी सुरक्षितपणे कसं करायचं, आणि हीच सेवा विकायची असेल तर हिशोब कसा मांडायचा.

आधी समजून घ्या, शॉकर करतो काय

डिक्कीच्या दोन्ही बाजूंना जो काळा दांडा असतो तो गॅस स्ट्रट. आपण त्याला शॉकर म्हणतो. नळीत जास्त दाबाने नायट्रोजन वायू भरलेला असतो आणि थोडं तेल असतं. वायू दांडीला बाहेर ढकलतो म्हणून डिक्की वर टिकते. तेलामुळे वेग आवरला जातो आणि आतलं सील ओलं राहतं. सील झिजलं की वायू निसटतो, आणि जोर संपतो.

आता नागपूरचं हवामान यात कसं येतं ते बघा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, थंडीत पहाटे १० च्या खाली येतो. वायू तापला की दाब वाढतो, गार झाला की कमी होतो. १० ते ४५ अंशांत हा फरक साधारण १२ टक्क्यांचा पडतो. म्हणून थकलेला शॉकर उन्हाळ्यात कसाबसा निभावतो आणि डिसेंबरच्या सकाळी दगा देतो. तपासणी करायची तर सकाळच्या गारव्यात करा. डिक्की पूर्ण उघडून थोडा वेळ थांबा. खाली सरकली, किंवा दांडीवर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकर बदलायची वेळ झाली.

योग्य शॉकर निवडणं हेच खरं कौशल्य

नळीवर पार्ट नंबर आणि जोर छापलेला असतो. उदाहरणार्थ ४०० एन, म्हणजे ४०० न्यूटन. साध्या भाषेत साधारण ४० किलोचा जोर. गाडीचं मॉडेल, वर्ष, पार्ट नंबर, लांबी आणि न्यूटन, सगळं जुळलं पाहिजे. "जास्त ताकदीचा घ्या भाऊ, मजबूत राहील" हे ऐकू नका. जास्त जोराचा शॉकर बिजागरीवर ताण देतो, डिक्की झटक्याने वर उडते आणि बंद करताना घाम काढतो. आणि बदलायचे तर दोन्ही बदला. एक नवा, एक जुना ठेवला की दार तिरपं ओढलं जातं.

काम कसं करायचं

१. सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा. जुना शॉकर कसा बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

२. डिक्की पूर्ण उघडा आणि दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. नुसत्या काठीवर विसंबू नका. माणूस मिळाला नाही तर काम उद्यावर ढकला.

३. शॉकरच्या टोकाला गोल खोबण असते, ती गाडीवरच्या गोळ्यावर बसते आणि तारेची क्लिप तिला धरून ठेवते. छोट्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने क्लिप थोडीशीच उचला, पूर्ण काढू नका. खोबण ओढली की सुटते. काही गाड्यांत क्लिपऐवजी बोल्ट असतो, तिथे पाना लागेल.

४. एक बाजू काढली की लगेच तिथे नवा बसवा. टोक गोळ्यावर दाबा, "टक्" आवाज आला पाहिजे. मगच दुसऱ्या बाजूला हात लावा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत.

५. दिशा फोटोप्रमाणे ठेवा. साधारण नियम असा, की डिक्की बंद असताना बारीक दांडी खालच्या बाजूला. त्यामुळे तेल सीलपाशी राहतं.

६. दांडीला पकडीने धरू नका, त्यावर ग्रीस लावू नका. एक ओरखडासुद्धा सील कापतो.

७. दोन्ही टोकं ओढून बघा. नंतर डिक्की हळूहळू चार-पाच वेळा उघडझाप करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना शॉकर कापू नका, त्याला भोक पाडू नका, आगीत टाकू नका. डिक्की पेलत नसली तरी आत दाब उरलेला असतो. भंगारात देताना त्या दादांना "यात गॅस आहे, कटर लावू नका" असं स्पष्ट सांगा. त्यांचा जीवही तितकाच मोलाचा आहे.

आता धंद्याचं बोलू

मनीषनगरसारख्या भागात फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग असते. मालक नोकरीवर, आणि या एका कामासाठी गॅरेजमध्ये अर्धा दिवस घालवायला कोणाकडेच वेळ नसतो. तुम्ही सोसायटीची परवानगी घेऊन दारात जाऊन काम करून दिलं, तर ती सेवा होते.

समजा, शॉकरची जोडी १२०० रुपयांना पडली, तुम्ही एकूण १६०० घेतले आणि पेट्रोलला ६० गेले. हातात राहिले ३४०. दोन महिन्यांत तो शॉकर बसला आणि तुम्ही पदरचे १२०० घालून पुन्हा ६० चं पेट्रोल जाळलं, तर जवळजवळ चार कामांची कमाई एका फेरीत गेली! पण दुकानदाराचं पक्कं बिल आणि वॉरंटी हातात असेल, तर तुमचे फक्त ६० रुपये आणि थोडा वेळ जातो. म्हणून स्वस्त माल शोधण्याआधी, माल परत घेणारा दुकानदार शोधा. ग्राहकालाही बिलावर तारीख आणि पार्ट नंबर लिहून द्या.

आणि ग्राहकाला खरं सांगा. शॉकर चांगला असेल आणि फक्त बिजागरी कोरडी असेल, तर तेल सोडून द्या आणि "काकू, अजून बदलायची गरज नाही" असं म्हणा. त्या दिवशी ३४० रुपये मिळणार नाहीत, पण पुढचं काम सांगताना त्या सोसायटीत तुमचंच नाव घेतील.

या आठवड्याचा गृहपाठ : स्वतःच्या किंवा ओळखीच्या पाच गाड्यांच्या डिक्क्या सकाळी तपासा. प्रत्येकीचा पार्ट नंबर आणि न्यूटन वहीत लिहा, दोन दुकानांत भाव आणि वॉरंटी विचारा. पहिलं काम स्वतःच्या गाडीवर करा. हात बसला, की मगच दुसऱ्याच्या गाडीला लावा.