दाबून उमटवलेला पांढरा

पार्चमेंट क्राफ्टचं कार्ड हातात घेतलं की लोक विचारतात, हा पांढरा रंग कोणता? रंग कोणताच नाही.

कागद करडा, धुरकट, ट्रेसिंग पेपरपेक्षा जाड. साधारण 150 जीएसएमचा. नक्षीच्या रेषा पांढऱ्या शाईने काढल्या की मी तो मऊ रबरी गादीवर पालथा घालते आणि टोकाला गोळी असलेल्या हत्याराने पाकळी घासू लागते. पहिल्या हाताला काहीच उमटत नाही. मग करडेपणा फिकटतो, पाकळी दुधासारखी होते, पलीकडे फुगून येते. या कागदाचा लगदा इतका कुटलेला असतो की तंतूंमध्ये हवेला जवळजवळ जागाच उरत नाही, म्हणून उजेड आरपार जातो. दाबाने तंतू ताणले जातात, सूक्ष्म पोकळ्या पडतात, तिथे प्रकाश विखुरतो. म्हणूनच इथे जोर कामाचा नाही. आधी मोठी गोळी, मग लहान, मध्ये कागदाला उसंत. कडेला गडद पांढरा आणि देठाकडे करडा राखला की पाकळी वळलेली दिसते. या छटा सांभाळणं मला जाळीपेक्षाही प्रिय आहे.

जाळी सुईची. चार सुयांच्या हत्याराने आधी हलकं टोचायचं, मधल्या जागी उठाव द्यायचा, मग त्याच भोकांतून सुया खोल घालायच्या. उठावाने कागद ताणला जातो, म्हणून टोचणं दोनदा. शेवटी बारीक कात्रीची टोकं शेजारच्या दोन भोकांत घालून मधला पूल कापायचा. चौथ्या कापाला तुकडा गळतो आणि फुलीच्या आकाराची खिडकी उरते.

युरोपातल्या मठांमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत जोगिणी संतांच्या चित्रांभोवती, कधी खऱ्या चर्मपत्रावर तर कधी कागदावर, छोट्या चाकूने अशीच लेस कोरत. एकोणिसाव्या शतकात लेसच्या काठाची चित्रं यंत्रावर निघू लागली आणि ती स्वस्त झाली. हातकाम दक्षिण अमेरिकेतल्या कॅथलिक देशांत टिकलं. कोलंबियाच्या मार्था ओस्पिना यांनी 1980च्या दशकात ते नेदरलँड्समध्ये नेलं आणि ‘पर्गामानो’ या नावाने जगभर शिकवलं जाईल असं केलं. आज भोकं एका ओळीत यावीत म्हणून धातूच्या जाळ्याही मिळतात. त्या जरूर वापराव्यात. पण पाकळीतला करडा किती राखायचा, हे बोटांनाच शिकावं लागतं.

कार्ड जोडताना गोंद टाळते, तो आरपार दिसतो. भोकांतूनच दोऱ्याचे टाके घालते; गोंद लागलाच, तर पूर्ण पांढऱ्या झालेल्या पाकळीमागे, टिंबभर.