ओव्याची ताकद: किती आणि कुठे?

कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल. तिन्ही कोरडे, पांढरे, स्फटिकासारखे. सारख्या प्रमाणात बाटलीत घालून झाकण लावले आणि हलवत राहिले की थोड्याच वेळात बाटलीत पातळ, झोंबऱ्या वासाचा द्रव तयार होतो. त्यात पाणी घातलेले नसते, बाटली तापवलेली नसते. ओव्याच्या फुलाचा द्रवणांक सुमारे ५० अंश सेल्सिअस, पुदिन्याच्या फुलाचा ४२ च्या आसपास आणि कापराचा तर १७५ च्याही पुढे. पण तिघे एकत्र आले की एकमेकांची स्फटिकरचना मोडतात आणि मिश्रणाचा द्रवणांक खोलीच्या तापमानाखाली उतरतो. हीच आपल्याकडची अमृतधारा. पोटदुखी, सर्दी, दाढदुखी, काहीही झाले तरी तिचे दोन थेंब पुढे येतात.

या तिघांत जीवाणूंवर सर्वांत जोरकस मारा करते ते ओव्याचे फूल, म्हणजेच थायमॉल. ‘सुगंधी तेले नैसर्गिक अँटिबायोटिक आहेत’ असे सांगणारे संदेश आणि जाहिराती सध्या सगळीकडे फिरतात. त्यांतले खरे किती हे तपासायला ओव्यासारखे दुसरे उदाहरण नाही. ही ताकद खरी आहे. पण ती किती मात्रेत आणि शरीराच्या कोणत्या जागी चालते, यावर सगळे अवलंबून आहे.

वनस्पतीने स्वतःसाठी बनवलेले अस्त्र

ओव्याचा दाणा म्हणजे खरे तर एक चिमुकले फळ. जिरे, धणे, बडीशेप ही त्याचीच भावंडे. दाण्याच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. दाणा चुरडला की त्या फुटतात आणि वास दरवळतो. शंभर किलो ओव्यातून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने साधारण दोन ते चार किलो तेल निघते. त्यातला ३५ ते ६० टक्के भाग थायमॉलचा असतो. तेल थंड केले की त्याचे स्फटिक वेगळे होतात.

हे रसायन वनस्पती बनवते ते कीटक, बुरशी आणि जीवाणू यांच्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी. ते इतके उपयोगी आहे की वनस्पतींच्या दोन दूरच्या कुळांनी ते स्वतंत्रपणे घडवले. कुंडीत लावतो तो पानओवा खऱ्या ओव्याच्या नात्यातला नाही, तो तुळशीच्या कुळातला. तरी त्याच्या पानांची भजी तळताना ओव्याचाच वास येतो, कारण त्यातही थायमॉल आणि त्याचे जुळे रसायन कार्व्हाक्रॉल असते. युरोपातले थाइम आणि ओरेगॅनो हेही याच कुळातले.

थाइमच्या तेलातून थायमॉलचे स्फटिक पहिल्यांदा वेगळे केले ते कॅस्पर नॉयमन या जर्मन रसायनतज्ज्ञाने, १७१९ साली. पुढे थायमॉलची मागणी वाढली आणि पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जहाजांत भरून जर्मनीला जाऊ लागला. युद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा थायमॉलची टंचाई पार अमेरिकेपर्यंत जाणवली.

जीवाणू मरतो कसा?

जीवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे पातळ पटल असते. पेशीच्या आत काय राहील आणि बाहेर काय जाईल हे ते पटल ठरवते. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळते, पण स्निग्ध पदार्थात सहज मिसळते. म्हणून ते थेट या पटलात घुसते. पटल सैल पडते, आतले पोटॅशियमचे आयन बाहेर गळू लागतात, ऊर्जा साठवण्याची यंत्रणा कोलमडते आणि पेशी मरते.

यात कळीचा भाग आहे थायमॉलच्या रेणूवरचा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी. ओव्याच्या तेलात पॅरा-सायमीन नावाचा दुसरा रेणूही असतो. त्याची ठेवण थायमॉलसारखीच, फक्त हा गट त्याच्याकडे नाही. तेवढ्या फरकाने तो जीवाणूंपुढे दुबळा ठरतो.

सगळे जीवाणू सारखेच बळी पडतात असेही नाही. गळू आणि जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस तुलनेने लवकर हरतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा मात्र चिवट आहे. त्याला बाहेरून आणखी एक आवरण असते आणि आत शिरलेले रसायन बाहेर फेकणारे पंपही त्याच्याकडे असतात.

काचेच्या बशीपासून रक्तापर्यंत

प्रयोगशाळेत जीवाणूंची वाढ थांबवायला थायमॉल एका मिलिलिटरमागे काहीशे मायक्रोग्रॅम लागते. पेनिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला रोखायला पेनिसिलिन मायक्रोग्रॅमच्या काही शतांश भागाइतके पुरते. पहिला मोठा फरक इथेच दिसतो. थायमॉल जंतुनाशक आहे, पण त्याची मात्रा प्रतिजैविकाच्या कित्येक हजार पट लागते.

मग ओवा खाल्ल्यावर रक्तात किती थायमॉल उतरते? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी माणसांना थाइमच्या अर्काची गोळी दिली गेली. तिच्यात सुमारे एक मिलिग्रॅम थायमॉल होते. त्यांच्या रक्तद्रवात मूळ रूपातले थायमॉल सापडलेच नाही. सापडले ते थायमॉल सल्फेट, तेही मिलिलिटरमागे जास्तीत जास्त ९३ नॅनोग्रॅम, म्हणजे एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. ग्रॅमभर ओव्यात यापेक्षा दहा-वीस पट थायमॉल असू शकते. तेवढी वाढ धरली तरी जीवाणू रोखणारी मात्रा शंभरपटीने दूरच राहते.

शिवाय शरीर सल्फेट जोडते ते नेमके त्या हायड्रॉक्सिल गटालाच. ज्याच्या जोरावर थायमॉल लढते, नेमका तोच गट शरीर निकामी करून टाकते. परके रसायन लघवीवाटे बाहेर काढण्याची ही आपल्या देहाची नेहमीची आणि आवश्यक रीत आहे. म्हणूनच न्यूमोनिया, टायफॉइड किंवा लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग ओव्याच्या अर्काने बरा होणार नाही. पोटातला वारा सरायला ओवा उपयोगी पडतो हा घराघरांतला अनुभव आहे. आतड्याचे स्नायू सैल करण्याचा थायमॉलचा गुण प्रयोगांतही दिसला आहे. पण त्या कामासाठी जीवाणू मारावे लागत नाहीत.

योग्य जागी, योग्य मात्रेत

जिथे थायमॉल पुरेशा मात्रेत थेट पोहोचते, तिथे त्याने मोठे काम केले आहे. जोसेफ लॉरेन्स या अमेरिकी डॉक्टरने १८७९ मध्ये बनवलेल्या लिस्टरीनच्या पारंपरिक मिश्रणात ०.०६४ टक्के थायमॉल असते. सोबत नीलगिरीतले युकॅलिप्टॉल, मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे फूल आणि मिथिल सॅलिसिलेट. अशा द्रवाने चूळ भरली की दातांवरचा जंतूंचा थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, हे चाचण्यांत दिसले आहे. अमेरिकेत थायमॉलची जंतुनाशके फरशी आणि टेबले पुसण्यासाठी नोंदणीकृत आहेत. अट एकच, पृष्ठभाग सांगितलेला वेळ ओला राहिला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम झाली. तिचे मुख्य औषध थायमॉल होते. रोग्याला ते देताना तेल, तूप, लोणी आणि दारू कटाक्षाने वर्ज्य करायला सांगत. कारण त्यांत विरघळलेले थायमॉल रक्तात उतरले तर विषबाधा होई. औषध आतड्यात राहिले तर कृमी मरत. रक्तात गेले तर रोग्याचाच जीव धोक्यात येई.

ऑस्ट्रेलियातल्या टी ट्री तेलाची गोष्टही अशीच. आर्थर पेनफोल्ड या रसायनतज्ज्ञाने १९२० च्या दशकात त्याची जंतुनाशक शक्ती मोजली आणि ती कार्बोलिक ॲसिडहून कितीतरी जास्त भरली. १९९० मध्ये १२४ रुग्णांवरच्या चाचणीत या तेलाच्या ५ टक्के जेलने मुरुमे कमी झाली. बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधापेक्षा परिणाम सावकाश दिसला, पण त्रासही कमी झाला. उलट २००४ मधल्या ब्रिटिश चाचणीत औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस नाकातून घालवण्यात टी ट्रीचे मलम ४७ टक्के रुग्णांत यशस्वी ठरले, तर म्युपिरोसिन हे नेहमीचे मलम ७८ टक्क्यांत. तेल उपयोगी होते, पण औषध त्याहून सरस होते.

लहान मुलांच्या घरात

जे रसायन जीवाणूचे पटल फाडते ते आपल्या पेशींनाही इजा करू शकते. न पातळ केलेले तेल त्वचा भाजते, पुरळ आणते. कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येतात. त्यामुळेच अमेरिकेत १९८३ पासून बाह्य वापराच्या औषधांत ११ टक्क्यांपेक्षा जास्त कापूर घालायला मनाई आहे. लवंगेच्या तेलाचे चमचा-दोन चमचे प्यायल्याने मूल बेशुद्ध होऊन त्याच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. नीलगिरीचे तेलही पिण्यात आले तर असेच घातक. तेव्हा तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला कापूर किंवा अमृतधारा लावू नये. या बाटल्या औषधांसारख्याच मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात.

प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू आपल्या देशात वाढत आहेत. या काळात वनस्पतींच्या तेलांवरचे संशोधन मोलाचे आहे. जखमेची मलमपट्टी, दातांची निगा, रुग्णालयातली स्वच्छता अशा कितीतरी ठिकाणी त्यांना खरा वाव आहे. पण त्यासाठी प्रत्येक तेलाची मात्रा मोजावी लागेल आणि माणसांवर नीट चाचण्या घ्याव्या लागतील. घरात आपण एवढे नक्की करू शकतो: तेलाचा कुठलाही दावा ऐकला की किती आणि कुठे, हे दोन प्रश्न विचारायचे. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, जखमेभोवती लाली पसरू लागली किंवा बाळ दूध पिईनासे झाले, तर अर्काच्या थेंबांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जायचे.