मत्स्यपात्रातील दिवस किती तासांचा असावा?

रायपूर हे तळ्यांचे नगर म्हणून पूर्वापार ओळखले जाते. बुढा तालाब, म्हणजेच विवेकानंद सरोवर, तसेच तेलीबांधा व महाराजबंध ही नावे तेथील आबालवृद्धांच्या परिचयाची आहेत. उन्हाळ्यात हिरव्या पडलेल्या पाण्याच्या कोणत्याही तळ्याकाठी पहाटे उभे राहिले, तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत व मिटीत असल्याचे कधीकधी दृष्टीस पडते. सूर्य वर आला की तेच मासे पुन्हा खोल पाण्यात दिसेनासे होतात. या दृश्याचा अर्थ ज्याला उमगला, त्याला घरातील मत्स्यपात्रावरचा दिवा रोज किती तास जळत ठेवावा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले असे समजण्यास हरकत नाही.

हिरवी वनस्पती प्रकाशात कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून घेते आणि प्राणवायू बाहेर टाकते. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली दाखवून दिले की, पाण्यात बुडविलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे जमतात, अंधारात मात्र ते जमत नाहीत. उलट अंधारात वनस्पती हवा दूषित करते. याचे कारण असे की, श्वसन ही क्रिया वनस्पतीत अहोरात्र चालू असते, तर प्राणवायूची निर्मिती केवळ प्रकाशात होते. म्हणूनच तळ्यातील प्राणवायूचा साठा रात्रभर घटत जातो व सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. पाणी जितके हिरवे, तितकी ही घट मोठी.

आता घरातील पात्राकडे वळू. दिवा अधिक वेळ ठेवला म्हणजे झाडे अधिक जोमाने वाढतील व मासे सुखात राहतील, असा अनेकांचा समज असतो. परंतु प्रकाशाचा लाभ केवळ लावलेल्या झाडांनाच होतो असे नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट ही द्रव्ये साठतात. त्यांच्यावर पोसले जाणारे शेवाळ दीर्घ प्रकाशात झपाट्याने फोफावते. काचा हिरव्या होतात, झाडांची पाने झाकली जातात, आणि दिवा मालवल्यावर हेच शेवाळ माशांच्या वाट्याचा प्राणवायू वापरू लागते. त्यात रायपूरच्या वैशाख-ज्येष्ठातील उष्म्याची भर पडते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. ज्या महिन्यांत माशांना प्राणवायूची गरज अधिक, त्याच महिन्यांत पाण्याची तो धारण करण्याची शक्ती कमी होते.

दुसरी गोष्ट खुद्द माशांची. बहुतेक माशांना पापण्या नसल्याने ते झोपत नाहीत असे वाटते. परंतु तेही रात्री विसावा घेतात. त्यांच्या मेंदूतील पीनियल ग्रंथी अंधारात मेलाटोनिन हे द्रव्य स्रवते आणि दिवस व रात्र यांचा बोध शरीरास करून देते. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांच्या ग्रंथात वर्णिलेला चिमुकला पट्टेदार झेब्रा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. तेथे त्यास बहुधा १४ तास प्रकाश व १० तास अंधार देतात. दिवे लागताच, म्हणजे त्याच्या पहाटे, तो अंडी घालतो. याचा अर्थ असा की, माशाला नियमित रात्र ही दिवसाइतकीच आवश्यक आहे.

मग मर्यादा कोणती? रायपूर सुमारे सव्वाएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. तेथील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा व सर्वांत लहान सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. परंतु निसर्गातील हा सारा वेळ प्रखर प्रकाशाचा नसतो. सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे व सौम्य असते. दिवा मात्र पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत सारखाच जळतो. म्हणून सामान्य घरगुती पात्रास रोज सुमारे ८ तास प्रकाश पुरेसा होतो. नव्याने मांडलेल्या पात्रात झाडे रुजेपर्यंत ६ तासांवर थांबावे. झाडे दाट व सुदृढ असल्यास १० तासांपर्यंत जावे. झाडे नसलेल्या पात्रात दिवा केवळ पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. तेथे ६ तासही पुष्कळ झाले.

तासांइतकेच महत्त्व नियमितपणास आहे. घरातील माणसे जागी असतील तोवर दिवा ठेवणे, हा नियम नव्हे. टायमर बसविल्यास ही अडचण दूर होते. संध्याकाळी मासे पाहण्याची हौस असेल, तर दिवा दुपारी लावून रात्री नऊच्या सुमारास मालवावा. खिडकीतून पात्रावर थेट ऊन पडत असेल, तर तो प्रकाशही हिशेबात धरावा. उन्हाळ्यात तर पात्र तेथून हलविणेच श्रेयस्कर. शेवाळ वाढू लागल्यास रोज एक तास प्रकाश कमी करून दोन आठवडे वाट पाहावी, खाद्य आवरावे व पाण्याचा काही भाग बदलावा. मासे पहाटे वर येऊन धापा टाकताना दिसल्यास विलंब न लावता हवेचा पंप सुरू करावा.

तळ्यावर सूर्य उगवतो आणि मावळतो, म्हणून तेथील जीवनाचा तोल सहसा राहतो. मत्स्यपात्रात उदय आणि अस्त ही दोन्ही कामे माणसाच्या हाती असतात. त्यांपैकी अस्ताचा विसर पडू न देणे, हेच त्याचे मुख्य कर्तव्य होय.