फडाचे पाणी कुणाचे?

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत सुमारे ३०० वर्षे चालत आली. एका फडात एकच पीक. पाटकरी पाळीने पाणी सोडतो. पावसाळ्यानंतरही वाहत्या राहणाऱ्या नदीवर हा सारा डोलारा उभा. पण १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. असे पाणी मुरत नाही, पुरात निघून जाते. मग पाट कोरडा.

माझे विद्यार्थी याला निसर्गाचा कोप म्हणतात. मी विचारतो, फडात पाण्याचा हक्क कुणाला? जमीनवाल्याला. भूमिहीनाला वाटा नाही. मात्र फड पडीक राहिला की त्याचीच मजुरी बुडते. पुरंदरच्या पाणी पंचायतीने जमिनीवर नव्हे, माणशी पाणी वाटले. भूमिहीनालाही हक्क दिला. १९२७ साली महाडला आपण पिण्याच्या पाण्यावर हक्क सांगितला. आटत्या नदीतल्या शेतीच्या पाण्यावरही तो सांगितला पाहिजे.