सर्व्हर बंद म्हणजे नेमके काय?



१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आपण स्वतः मोबाईलवर करू लागलो. सोय झाली खरी. पण कळंब असो की उमरगा, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे उत्तर ऐकले नाही असा सभासद विरळाच. म्हणून ही थोडी माहिती.

सर्व्हर म्हणजे एक पेटी नव्हे. मोठ्या सेवेसाठी अनेक यंत्रे जाळ्याने जोडून त्यांची ताकद एकत्र धरतात. त्या सामाईक साठ्यातून हवा तेवढा वाटा काढून 'आभासी संगणक' उभे करतात. त्याला स्वतःची पेटी नसते, म्हणून तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येतो.

आता एखादे यंत्र दुरुस्तीला कसे काढतात? आपल्या वजनकाट्याचेच बघा. दोनांपैकी एक काटा दुरुस्तीला काढायचा तर गाडी वर उभी असताना कोणी वीज तोडत नाही. आधी नवी गाडी सोडणे बंद. रांगेतल्या गाड्या दुसऱ्या काट्याकडे. वर उभ्या गाडीचे वजन करून पावती द्यायची, मग कुलूप. संगणकाचेही तसेच. यंत्रावर प्रथम 'नवे काम नको' अशी खूण करतात. त्याने चालू काम थांबत नाही, फक्त नवे येत नाही. मग चालू आभासी संगणक दुसऱ्या यंत्रावर नेतात आणि शेवटी यंत्र बंद करतात. दुरुस्ती झाली की तपासून खूण काढतात. हे नीट झाले तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

खरा धोका न सांगता गप्प झालेल्या यंत्राचा. यंत्रे ठराविक वेळाने 'मी चालू आहे' असा इशारा देत असतात. तो थांबला तर यंत्र बंद पडले, की नुसती तार तुटली, हे बाहेरून कळत नाही. बंद समजून तेच काम दुसरीकडे सुरू केले आणि पहिलेही चालूच असले, तर दोघे एकाच नोंदवहीत लिहू लागतील. म्हणजे एकाच गाडीच्या दोन काट्यांवर दोन पावत्या! म्हणून आधी गप्प यंत्राची वीज किंवा नोंदवहीशी असलेली जोडणी तोडतात, मगच काम दुसरीकडे सुरू करतात. यात वेळ जातो, पण त्यानेच आपल्या गट नंबरची नोंद शाबूत राहते.

एक यंत्र काढले तरी उरलेल्यांना भार पेलला पाहिजे, म्हणून थोडी ताकद राखीव ठेवावी लागते. शेवटच्या दिवशी सगळेच एकदम आले की तीही पुरत नाही.

तेव्हा उसाची पीक पाहणी शेवटच्या तारखेवर ढकलू नये. नोंद झाल्याचा संदेश आल्याशिवाय काम झाले असे धरू नये. पैसे भरल्यावर पान अडकले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नयेत. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा. काट्याची पावती आपण जपतो, तशीच हीसुद्धा जपावी.